वायर जाम की कॅलिपर जाम?

पावसाळा सरला की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकच वाक्य ऐकू येतं: “डिस्क जाम झालीय, अख्खा ब्रेकच बदलावा लागेल म्हणाला दुकानदार.” चार महिने उभ्या राहिलेल्या सायकलीची डिस्क बहुतेक वेळा ठीक असते. अडकलेली असते ती वायर.

रिम ब्रेक तुम्हाला माहीतच आहे. बऱ्याच सायकलींवरचा डिस्क ब्रेकही तसाच वायरवर चालतो, फक्त शेवटी रबराऐवजी कॅलिपर असतो: चाकाच्या मधोमध बसवलेल्या धातूच्या चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन पॅडमध्ये चिमटणारा. कॅलिपरपाशी उघडी वायर दिसतच नसेल तर तो ऑईलवाला, हायड्रॉलिक. त्याचं दुखणं वेगळं, पुढचं काही त्याला लागू नाही.

घोळ इथे होतो: वायर अडकली काय नि कॅलिपर अडकला काय, लिव्हर दाबल्यावर परत येत नाही आणि चाक धरून ठेवलं जातं. दोन्हींचं लक्षण एकच, त्यामुळे लिव्हर पाहून निदान होणार नाही. कॅलिपरवर वायर आवळणारा बोल्ट असतो, बहुधा ५ मिमी ॲलन कीचा (षटकोनी टोकाची चावी). तो ढिला करून वायर सोडवा. मग वायर जिला ओढते ती कॅलिपरवरची दांडी बोटाने ढकलून सोडा. टक्कन मागे आली तर कॅलिपर ठणठणीत आहे, दोष वायरचा. जागीच राहिली किंवा रेंगाळत आली तर कॅलिपर. दोन मिनिटांचं काम आहे हे, आणि ते न करता कुणी नवा कॅलिपर विकत घेतला की मला खरोखर वाईट वाटतं.

वायर का अडकते? मागच्या ब्रेकच्या वायरवरचं कव्हर उतरत येऊन कॅलिपरपाशी संपतं, पाणी ओघळून तिथेच साचतं. भाच्याच्या सायकलची वायर ओढून काढली तेव्हा वरची सगळी चकचकीत होती आणि शेवटची वीतभर तांबडी, खरखरीत. कव्हर उलटं धरल्यावर गंजाचा चुरा पडला. म्हणून नुसती आतली वायर बदलू नका, आउटरही, म्हणजे ते कव्हरही, बदला. गंज त्यातच बसलेला असतो.

कॅलिपर अडकला असेल तर आत ग्रीस वाळलेलं असतं. दांडी फिरली की आतल्या छोट्या पोलादी गोळ्या उतारावर चढून पॅड पुढे ढकलतात, पण वाळक्या ग्रीसमध्ये त्या रुततात. कॅलिपर सायकलवरून उतरवा, पॅड आधी काढून बाजूला ठेवा. दांडीच्या मुळाशी तेलाचे दोन-तीन थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी दांडी मागेपुढे करत राहा. सैल झाली की सांडलेलं तेल नीट पुसा, मगच पॅड घाला.

आणि कृपा करून डिस्कवर तेलाचा स्प्रे मारू नका! ते तेल पॅड पितात, मग ब्रेक किंचाळतो आणि लागतही नाही. डिस्कवरचा तांबूस थर म्हणजे जाम नव्हे, पाच-दहा वेळा ब्रेक मारला की निघून जातो.

परत जोडताना आतल्या, म्हणजे चाकाकडच्या, पॅडचं अंतर आधी ठरवून घ्या. स्वस्त कॅलिपरमध्ये तो सहसा हलत नाही, बाहेरचाच पॅड डिस्कला त्याच्यावर दाबतो. त्यामुळे आतल्या पॅडच्या स्क्रूने त्याच्यात आणि डिस्कमध्ये व्हिजिटिंग कार्डाएवढीच फट ठेवा, वायर त्यानंतर आवळा.