परावर्ती दूरदर्शक

परावर्ती दूरदर्शक : दूरच्या वस्तूकडून येणारे प्रकाशकिरण भिंगाऐवजी अंतर्गोल आरशाने एकत्र आणून प्रतिमा तयार करणारा दूरदर्शक. मुख्य आरसा नळीच्या तळाशी असतो. ताऱ्याचे किरण त्यावर समांतर पडतात आणि परावर्तनानंतर नाभीपाशी मिळून तेथे उलटी, वास्तव प्रतिमा उमटते. केंद्रांतर (आरशापासून नाभीपर्यंतचे अंतर) १ मी. असल्यास पूर्ण चंद्राची प्रतिमा सुमारे ९ मिमी. व्यासाची पडते. ती नेत्रिकेने (डोळ्याजवळच्या भिंगाने) मोठी करून पाहतात किंवा कॅमेऱ्याने टिपतात.

परावर्तनाची दिशा प्रकाशाच्या रंगावर अवलंबून नसते. त्यामुळे वर्णविपथन (निरनिराळ्या रंगांचे किरण वेगवेगळ्या ठिकाणी मिळणे) हा भिंगाचा दोष आरशात मुळातच नसतो. शिवाय आरशाला मागून सर्वत्र आधार देता येतो, तर भिंग फक्त कडेने धरता येते व मोठे झाल्यास स्वतःच्या वजनाने वाकते.

आरशाचे पृष्ठ : गोलीय पृष्ठावर कडेला पडलेले किरण अक्षाजवळच्या किरणांपेक्षा आरशाच्या अधिक जवळ मिळतात आणि प्रतिमा पसरट होते (गोलीय विपथन). अन्वस्ताकार (पॅराबोलाच्या आकाराचे) पृष्ठ अक्षाला समांतर असलेले सर्व किरण एकाच बिंदूत आणते. या दोन पृष्ठांतील फरक थक्क करण्याइतका सूक्ष्म आहे. १५ सेंमी. व्यास व १.२ मी. केंद्रांतराच्या आरशात तो कडेपाशी सुमारे ०.३ मायक्रोमीटर एवढाच भरतो. पृष्ठावरील खळगा किरणाला जाताना आणि परतताना असा दोनदा पार करावा लागतो, म्हणून चूक दुप्पट होते. यामुळेच पृष्ठातील दोष तरंगलांबीच्या एक-अष्टमांशाच्या आत, म्हणजे हिरव्या प्रकाशासाठी सुमारे ०.०७ मायक्रोमीटरच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. अन्वस्ताकार आरशातही अक्षापासून दूरच्या ताऱ्यांना शेपूट फुटते (कोमा). रिची-क्रेत्यँ रचनेत मुख्य व दुय्यम (पुढे पहा) असे दोन्ही आरसे अपास्ताकार (हायपरबोलाच्या आकाराचे) घेऊन हा दोष घालवितात.

दुय्यम आरसा : नाभी नळीच्या आतच पडत असल्याने प्रतिमा बाहेर काढावी लागते. न्यूटन रचनेत ४५ अंशांत बसवलेला सपाट आरसा किरण बाजूला वळवितो. ग्रेगरी रचनेत नाभीच्या पलीकडे अंतर्गोल, तर कॅसेग्रेन रचनेत नाभीच्या अलीकडे बहिर्गोल आरसा असतो. दोन्हींत किरण मुख्य आरशाच्या मधल्या छिद्रातून मागे येतात. कॅसेग्रेन रचनेने आखूड नळीत मोठे केंद्रांतर साधते. प्रकाशाच्या वाटेत येणाऱ्या दुय्यम आरशामुळे प्रतिमेत मात्र भोक दिसत नाही, कारण मुख्य आरशाचा प्रत्येक भाग संपूर्ण प्रतिमा घडवीत असतो. प्रकाश तेवढा कमी होतो व विवर्तनाने (अडथळ्याच्या कडेपाशी प्रकाश पसरल्याने) स्पष्टता किंचित घटते.

शोधाचे श्रेय : हे वादग्रस्त आहे. १६१६ च्या सुमारास आपण कांस्याच्या अंतर्गोल आरशाने प्रयोग केल्याचे इटालियन जेझुइट निक्कोलो झुक्की यांनी १६५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सांगितले. हा दावा खूप नंतरचा व स्वतः झुक्की यांचाच आहे. शिवाय समाधानकारक प्रतिमा मिळाली नव्हती, असेच दिसते. जेम्स ग्रेगरी यांनी १६६३ मध्ये आपली रचना मांडली, पण तसा आरसा त्यांना कारागिरांकडून घडवून घेता आला नाही. चालणारे पहिले उपकरण आयझॅक न्यूटन यांचे (१६६८) मानणे अधिक सयुक्तिक ठरते. त्याचा आरसा सुमारे ३.३ सेंमी. व्यासाचा आणि गोलीयच होता. कॅसेग्रेन यांची रचना १६७२ मध्ये प्रसिद्ध झाली, मात्र त्या वृत्तांतात केवळ आडनाव होते. त्यामुळे हे गृहस्थ कोण, याविषयी दीर्घकाळ तर्क चालले. शार्त्र येथील अध्यापक लॉरां कॅसेग्रेन हे नाव आता बहुधा ग्राह्य धरतात. अन्वस्ताकार आरशाचा उत्तम दूरदर्शक जॉन हॅडली यांनी १७२१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे ठेवला.

आरशाचे द्रव्य : सुरुवातीचे आरसे तांबे व कथील यांच्या ठिसूळ मिश्रधातूचे असत. ते सुमारे दोन-तृतीयांश प्रकाशच परावर्तित करीत आणि काळवंडले की पुन्हा घासावे लागत. घासताना पृष्ठाचा आकार बिघडण्याचा धोका असे. १८५० नंतरच्या दशकात काचेवर चांदीचा पातळ थर देण्याची रीत आली. थर उतरवून नवा देता येऊ लागला आणि घडविलेला आकार कायम राहू लागला. १९३० नंतरच्या दशकात चांदीची जागा ॲल्युमिनियमने घेतली.