तक्त्यातल्या रकान्यांमागची भांडणं

राज्य सरकारचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय 1 जुलै ही तारीख धरून सरकारी कर्मचाऱ्यांची मोजदाद करतं. कागदोपत्री तिचं नाव ‘सर्वंकष माहितीकोष’. प्रत्येक कार्यालयाच्या आस्थापना लिपिकानं आपल्याकडच्या माणसांची सेवापुस्तकं (नोकरीच्या नोंदींची वही) काढायची, त्यातून जन्मतारीख, लिंग, प्रवर्ग, पदनाम, मूळ वेतन, भत्ते असं सगळं ऑनलाइन भरायचं आणि प्रमाणपत्र घेऊन ते पगारबिलाला जोडायचं. प्रमाणपत्र नसेल तर कोषागार बिल अडवतं. आपलाच नव्हे, साहेबांचाही पगार अडणार म्हटल्यावर माहिती बरोबर वेळेत जाते.

या खटाटोपातून जिल्हा, स्त्री-पुरुष, वय आणि पगार असे रकाने असलेले तक्ते तयार होतात. वाचायला रूक्षच असतात. पण यातला प्रत्येक रकाना कधी ना कधी कुणाच्या तरी भांडणाचा मुद्दा होता.

सगळ्यात जुनं भांडण प्रदेशाचं. 1956मध्ये राज्य पुनर्रचना झाली आणि विदर्भाचे आठ व मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. जमिनीबरोबर माणसंही आली. नागपूर तोवर मध्य प्रदेशाची राजधानी होती, तिथल्या सचिवालयाची शिस्त वेगळी, वेतनश्रेण्या वेगळ्या. मराठवाड्यातले कर्मचारी हैदराबाद राज्याचे. निजामी अमलात कारभार उर्दूत चाले, त्यामुळे जुनं दप्तरही त्याच भाषेतलं. नागपूरचा अव्वल कारकून, औरंगाबादचा त्याच दर्जाचा माणूस आणि मुंबईचा, या तिघांत ज्येष्ठ कोण? पुनर्रचना कायद्याच्या कलम 115नं एवढं संरक्षण दिलं, की केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय या लोकांच्या सेवाशर्ती त्यांचं नुकसान होईल अशा बदलता येणार नाहीत. पण ज्येष्ठता यादीतला क्रमांक म्हणजे पुढची बढती आणि बढती म्हणजे पगार, त्यामुळे वाद व्हायचे ते झालेच.

नोकऱ्यांत आपला भाग मागे पडेल, ही भीती नेत्यांना आधीच होती. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या नेत्यांनी केलेल्या 28 सप्टेंबर 1953च्या नागपूर करारात सरकारी नोकऱ्यांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचं आश्वासन होतं. संविधानाच्या कलम 371(2)मध्येही विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांना राज्य सेवांतल्या नोकरीच्या पुरेशा संधी न्याय्य रीतीनं मिळाव्यात, अशी तरतूद आहे. पुढे प्रादेशिक असमतोलावरच्या 1984च्या दांडेकर समितीच्या अहवालानं ‘अनुशेष’, म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, हा शब्द घराघरांत पोचवला, पण त्याबरोबर चर्चा सिंचन आणि रस्त्यांकडेच जास्त वळली. नोकऱ्यांचा मुद्दा अधूनमधून सभेत निघायचा आणि तिथेच राहायचा.

इथे मोजणीची एक गोम आहे. जिल्हावार तक्त्यात कार्यालय जिथे, तिथे माणूस धरतात. गडचिरोलीत किती लोक काम करतात ते त्यातून कळतं, गडचिरोलीचे किती लोक सरकारी नोकरीत आहेत ते कळत नाही. करारातलं आश्वासन दुसऱ्या प्रश्नाबद्दल होतं. मुंबईचा आकडा फुगलेला दिसतो तो मंत्रालय आणि आयुक्तालयं तिथे आहेत म्हणून. तिथल्या टेबलांवर बसलेला माणूस परभणीचाही असतो आणि चंद्रपूरचाही. उलटी अडचणही आहेच: विदर्भ-मराठवाड्यात नेमणूक झाली की काही महिन्यांत पश्चिमेकडे बदली करून घ्यायची, ही जुनी रीत. महसुली विभाग वाटपाचे नियम करावे लागले ते याचसाठी. गट अ आणि गट ब या वरच्या दोन दर्जांच्या अधिकाऱ्यांना ठरावीक विभाग द्यायचा आणि तिथेच काही वर्षं ठेवायचं, असा त्यांचा मतलब. 2021मध्ये ते नव्यानं काढले.

पगार तर प्रदेशानुसार उघडच बदलतो. वेतनासाठी नेमलेल्या बक्षी समितीनंतर राज्यात 2019पासून सातवा वेतन आयोग लागू झाला, तोही 1 जानेवारी 2016पासूनच्या थकबाकीसह. तेव्हा घरभाडे भत्त्याचे दर शहराच्या वर्गानुसार 24, 16 आणि 8 टक्के होते. मूळ वेतन 40,000 असलेल्या माणसाला मुंबईत 9,600 रुपये आणि तालुक्याच्या गावी 3,200. बढती नाही, जबाबदारी तीच, दरमहा 6,400चा फरक. याच्या उलट दिशेनं ओढणारी एक योजना ऑगस्ट 2002मध्ये आली. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला वरच्या पदाची वेतनश्रेणी, म्हणजे ‘एकस्तर’, आणि शिवाय मूळ वेतनाच्या 15 टक्के प्रोत्साहन भत्ता. पण त्याला कमाल मर्यादा 1,500 रुपयांची. मुंबईचं घरभाडं मूळ वेतनाबरोबर वाढत गेलं, हा भत्ता 1,500च्या खुंट्याला बांधलेला. दुर्गम भागात माणूस का टिकत नाही, याचं एक उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पगार-भत्त्यांच्या मागणीत नेहमी येणाऱ्या ‘केंद्राप्रमाणे’ या शब्दाचाही इतिहास आहे. डिसेंबर 1977मध्ये राज्य कर्मचारी संपावर गेले ते 54 दिवस. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, संपाच्या नेतृत्वात र. ग. कर्णिक, मागणी केंद्राच्या दरानं महागाई भत्त्याची. कर्मचाऱ्यांच्या घरात अजून त्या संपाच्या आठवणी निघतात: वाण्याची उधारी, मोडलेल्या पाटल्या. आज दिल्लीत भत्ता वाढला की मंत्रालयात लगेच ‘आपला कधी’ सुरू होतं, त्याचं मूळ तिथलं आहे.

स्त्री-पुरुष हा रकाना तसा अलीकडे बोलका झाला. 1951 साली अण्णा राजम मल्होत्रा देशातल्या पहिल्या महिला आयएएस झाल्या तेव्हा लग्न केल्यास सेवा संपेल, अशी अट त्यांच्या नेमणुकीत होती. केंद्र सरकारच्या 2011च्या कर्मचारी गणनेतही महिलांचं प्रमाण जेमतेम 11 टक्के होतं. महाराष्ट्रात मोठा बदल झाला तो 1994मध्ये. त्या वर्षी पहिलं महिला धोरण आलं आणि 1 एप्रिलपासून सरळसेवेत, म्हणजे थेट भरतीत, महिलांना 30 टक्के समांतर (प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं) आरक्षण मिळालं. एकाच पदावरच्या स्त्री-पुरुषांची वेतनश्रेणी एकच, तरीही सरासरी पगारात फरक दिसू शकतो. भरती खालून झाली की माणसं वरच्या गटात पोचायला पंचवीस-तीस वर्षं लागतात. सुजाता सौनिक पहिल्या महिला मुख्य सचिव झाल्या त्या थेट जून 2024मध्ये.

आता वय. हा रकाना मला सगळ्यात मजेदार वाटतो, कारण त्यातली नोंदच पुष्कळदा काल्पनिक आहे. पूर्वी मुलाला शाळेत घालायला बाप घेऊन यायचा, जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची. शाळा जूनमध्ये सुरू होणार, हेडमास्तर पोराकडे पाहून सहा वर्षं मागे जायचे आणि 1 जून लिहून टाकायचे. तीच तारीख दाखल्यावर, तीच सेवापुस्तकावर. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम असल्यामुळे दरवर्षी 31 मे रोजी कार्यालयांत हारतुऱ्यांची रांग लागते. 1 जुलैची गणना यानंतर बरोबर महिन्याभरानं येते, म्हणजे खुर्च्या ताज्या रिकाम्या झालेल्या असताना.

महाराष्ट्रात निवृत्तीचं वय 58, गट डसाठी (शिपाई वगैरे) 60. केंद्रानं 1998मध्ये सर्वांना 60 केलं, इथल्या संघटना तेव्हापासून मागताहेत, आणि स्पर्धा परीक्षेची पोरं तितक्याच जोरानं विरोध करताहेत. दुसऱ्या टोकाला, 2016मध्ये प्रवेशाची कमाल वयोमर्यादा 33वरून 38 आणि मागासवर्गीयांसाठी 38वरून 43 झाली. भरतीवरच्या बंदी तर येतजात राहिल्या. करोनात 4 मे 2020 रोजी आणखी एक आली. ज्या वर्षांत भरती झाली नाही, ती वर्षं वयोगटाच्या तक्त्यात पडलेल्या दातासारखी दिसतात. 1994नंतर पंचविशीत लागलेल्या बायका आता निवृत्तीला टेकल्या आहेत, म्हणजे महिलांच्या रकान्यातली पहिली मोठी तुकडी याच दशकात बाहेर पडणार. त्यांना जुनी, शेवटच्या पगारावर ठरणारी पेन्शन आहे. 1 नोव्हेंबर 2005पासून पुढे लागलेल्यांना ती उरली नाही, आणि शेजारच्या टेबलावरचा हा फरकच मार्च 2023च्या संपाला कारण झाला.

त्या संपात आकडा ऐकू येत होता 17 लाखांचा, आणि विभागांच्या मंजूर पदांचा हिशेब सात लाखांच्या थोडा वर. खोटं कुणीच बोलत नव्हतं. एकात अनुदानित शाळांचे शिक्षक आणि निमसरकारी कर्मचारी आहेत, दुसऱ्यात सगळे नाहीत. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोन्हींच्या कडेला उभ्या. राज्यात अंगणवाड्या लाखाच्या वर, काम करणाऱ्या सगळ्या बाया. त्यांना वेतनश्रेणी नाही, गट नाही, सेवापुस्तक नाही; मिळतं ते ‘मानधन’, 2023मध्ये सेविकेला 10,000 रुपये. त्यांना मोजलं तर सरकारी कामातलं महिलांचं प्रमाण एकदम वर जातं आणि सरासरी पगार तितक्याच झपाट्यानं खाली येतो. डिसेंबर 2023मध्ये त्या संपावर गेल्या, तेव्हा मागण्यांत मानधनवाढीबरोबर सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जाही होता.