बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या आणि धूम्रपान : पार्श्वभूमी

गाजर-पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, अशी निरीक्षणं १९८०च्या आसपास साठली आणि श्रेय त्यांतल्या बीटा-कॅरोटीन या रंगद्रव्याला मिळालं, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व बनतं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. रोजचा डोस २० मिलिग्रॅम. एप्रिल १९९४मध्ये निकाल आला : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त.

खरा वाद पुढचा. अमेरिकेत तेव्हा धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले अशा १८,३१४ जणांवर चाचणी चालू होती. त्यातल्या एका गटाला रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि सोबत अ जीवनसत्त्व मिळत होतं. फिनलंडचा आकडा समोर असूनही ती लगेच थांबली नाही. एकच निकाल, तो योगायोगही असेल, अशी शंका तेव्हा घेतली जात होती. शास्त्र म्हणून ती रास्त होती. पण माणसं त्या काळातही रोज गोळी गिळत होती आणि मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. जानेवारी १९९६मध्ये, ठरल्यापेक्षा २१ महिने आधी, गोळ्या बंद केल्या. तोवर त्या गटात फुप्फुसाचे कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त झाले होते.

त्याच वर्षी २२ हजार डॉक्टरांवरच्या बारा वर्षांच्या चाचणीत फायदाही दिसला नाही, तोटाही नाही. त्यांच्यात धूम्रपान करणारे थोडेच होते.

तरी डोळ्यांच्या पडद्याच्या झिजेवर द्यायच्या गोळ्यांच्या २००१च्या मिश्रणात १५ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन होतंच. २०१३मध्ये एका नव्या चाचणीनंतर त्याच्या जागी ल्युटिन आणि झिॲझॅन्थिन ही त्याच कुळातली दुसरी रंगद्रव्यं आली. त्या चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या गटात फुप्फुसाचा कर्करोग जास्त निघाला, तोही बहुतांशी पूर्वी सिगारेट ओढून सोडलेल्यांत. २०२२मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी कर्करोग किंवा हृदयविकार टाळण्यासाठी हे घेऊच नका, असं सांगितलं.

बीटा-कॅरोटीन जास्त घेतलं की तळहात पिवळे पडतात, त्याला लोक घाबरतात. ते निरुपद्रवी आहे, डोस थांबला की ओसरतं. गाजरावरही ठपका नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या, कधीकाळी विडी ओढलेल्या किंवा ॲस्बेस्टॉस हाताळलेल्या माणसासाठी हा इतिहास जुना नाही. वाशी किंवा नौपाड्यातल्या मेडिकलमधून तो डोळ्यांची कॅप्सूल मागतो, तेव्हा पाकिटामागे बीटा-कॅरोटीन लिहिलंय की ल्युटिन, हे आधी वाचायला हवं आणि विडी-सिगारेट सुटून कितीही वर्षं झाली असली तरी ती डॉक्टरांना सांगायला हवी.