मोटर फिरत नाही म्हणजे करंट नाही? अजिबात नाही

ऑटोट्यून म्हणजे ड्राइव्हनं (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) स्वतःच मोटरचं मोजमाप घेणं; त्यातल्या स्टॅटिक प्रकारात शाफ्ट फिरत नाही, मग टर्मिनल बॉक्स उघडा ठेवून काम केलं तरी चालतं, हे वर्षानुवर्षं ऐकतोय. साफ चुकीचं. ड्राइव्ह तेव्हा वाइंडिंगमध्ये करंट सोडूनच रेझिस्टन्स मोजत असतो, म्हणजे यू-व्ही-डब्ल्यू (मोटरची तीन टर्मिनल) लाइव्हच, आणि शाफ्टला हलका झटकाही बसू शकतो. ४१५ व्होल्ट सप्लायवर डीसी बस (ड्राइव्हच्या आतला कपॅसिटरचा डीसी भाग) साधारण ५८५ व्होल्टला असते, सप्लाय काढला तरी कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत, त्यामुळे मॅन्युअलमधला वेळ थांबायचं आणि मीटरनं बघूनच हात घालायचा. आधी नेमप्लेटचे आकडे नीट भरा (वाइंडिंगची जोडणी स्टार की डेल्टा, यात लोक हमखास गंडतात). रोटेटिंग ट्यून (शाफ्ट फिरवून केलेलं) असेल तर मोटर मशीनला जोडणारं कपलिंग सोडा, मोटर चांगलीच पळते. होइस्टवर (वजन उचलणारं यंत्र) लोड लटकलेला असताना तर ऑटोट्यून नाहीच.