मतपेटीचं गणित आणि खळ्यावरची कास

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे. उंचीला वीतभरही नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात ती रोमन बनावटीच्या भांड्यांसोबत सापडली. रोमचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "तिकडंही वर्णव्यवस्था होतीच की!" पॅट्रिशियन (खानदानी घराणी) आणि प्लेबियन (बाकीचे सामान्य) हा भेद जन्माचा होता, हे खरं. पण मत आणि सैन्यासाठी रोमनं जी उतरंड रचली, तिचं माप पैशाचं होतं.

साधारण दर पाच वर्षांनी सेन्सॉर नावाचे दोन अधिकारी नागरिकांची मोजणी करत आणि प्रत्येकजण शपथेवर आपली मालमत्ता सांगे. लिव्ही या इतिहासकारानं पाच वर्गांच्या किमान मर्यादा दिल्यात: १,००,०००, ७५,०००, ५०,०००, २५,००० आणि ११,००० आस (आस म्हणजे तिथलं नाणं). शस्त्रं ज्याची त्यानं आणायची. त्यामुळे पहिल्या वर्गाच्या अंगावर शिरस्त्राण, ढाल, छातीचं चिलखत आणि नडगीची पट्टी, सगळं ब्राँझचं. पाचव्याच्या हाती गोफण आणि दगड.

खरी गंमत मतदानात आहे. मत माणसाचं मोजत नसत, 'सेंचुरी' नावाच्या गटाचं मोजत. घोडेस्वारांचे १८ गट, पहिल्या वर्गाचे ८०, दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्याचे प्रत्येकी २०, पाचव्याचे ३०, कारागीर आणि वादकांचे मिळून ४, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही अशा सगळ्यांचा मिळून १. एकूण १९३. बहुमताला ९७ लागत. आता १८ आणि ८० मिळवा: ९८! मतदान वरून खाली चाले आणि बहुमत झालं की तिथंच थांबे. वरचे एकमतानं बोलले की खालच्यांची पाळीच येत नसे. त्यातही प्रत्येक वर्गाचे निम्मे गट ४६ वर्षांपुढच्यांचे. म्हातारे संख्येनं थोडे, गट मात्र तरुणांइतकेच, म्हणजे दरडोई वजन आणखी जास्त. मताचा हक्क सगळ्यांना, फक्त तो वापरायची वेळ येणार नाही अशी आखणी. इ.स.पू. तिसऱ्या शतकात पहिल्या वर्गाचे गट ७० वर आणले, तेव्हा कुठं दुसऱ्या वर्गाला किंमत आली.

हे यंत्र बिघडलं ते सैन्याच्या बाजूनं. लांबलेल्या युद्धांत छोटा शेतकरी बुडाला, मालमत्तेची अट पुरी करणारे आटले. अट खाली आणली, तरी भागेना. शेवटी इ.स.पू. १०७ मध्ये मारियस या सेनापतीनं कफल्लकांनाही भरती केलं.

आता आपल्या खळ्यावर या. इथं वर्ग ठरवायला मोजणी लागतच नव्हती. माणूस बलुतं घेऊन जन्माला येई. रास झाली की बलुतेदारांना कासेप्रमाणे (कास म्हणजे वाट्याची पायरी) वाटा मिळे. गावागणिक यादी बदले. एका रूढ यादीप्रमाणे थोरल्या कासेत सुतार, लोहार, महार, मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटीत भट, मुलाणी, गुरव, कोळी. नीट पाहा: धान्याच्या उतरंडीत महार वर आणि भट खाली, मानाच्या उतरंडीत नेमकं उलटं. दोन शिड्या, दोन मापं. थोरल्या कासेतला वाटा घेणाऱ्या महार-मांगांना गावकुसाबाहेरच राहावं लागे. आणि रोमन माणूस पाच वर्षांत एक वर्ग चढू शके, तसा खळ्यावरचा कुणी कास बदलू शकत नव्हता. 'बलुतेदारी म्हणजे गुण्यागोविंदानं चाललेली देवाणघेवाण' असे जे गोडगोड मेसेज सकाळी फिरतात, ते पुढं ढकलणाऱ्यांनी एवढं तरी बघावं. तीच गत थुंकीच्या डीएनए चाचणीवरून 'उच्च कुळ' शोधणाऱ्यांची. कास रक्तात सापडत नाही.

याच जन्माच्या उतरंडीवर उतारा म्हणून कोल्हापूर दरबारानं २६ जुलै १९०२ च्या हुकुमानं संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी ठेवल्या. पण मागास कोण? शाहू महाराजांच्या हुकुमात मागास जातींची यादी नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे मागास, असा तो हिशोब: वजाबाकीचा.