पीसी बंद केला की यूएसबी पण बंद होतं? नेहमी नाही!

पीसीला दुसरा पॉवर सप्लाय जोडला असेल तर यूएसबीच्या ५ व्होल्टवर रिले (विजेवर चालणारा स्विच) लावा, पीसी बंद झाला की तो दुसरा सप्लाय आपोआप बंद, असं सगळीकडे सांगतात. पण बऱ्याच मदरबोर्डवर शटडाऊननंतरही यूएसबीला स्टँडबायचे ५ व्होल्ट चालूच राहतात, म्हणूनच तर बंद पीसीवर माऊसचा लाईट पेटलेला दिसतो, आणि मग रिले पण तसाच ओढलेला, म्हणजे चालूच राहतो न् दुसरा सप्लाय रात्रभर चालू. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ईआरपी, म्हणजे ही स्टँडबायची वीज तोडणारा पर्याय, ऑन करून बघा, नाहीतर सरळ पीसीच्या मुख्य सप्लायच्या मोलेक्सच्या (चार पिनांच्या कनेक्टरच्या) लाल वायरवरून ५ व्होल्ट घ्या, ते पीसीबरोबर नक्की बंद होतात. आणि प्लीज, दुसऱ्या सप्लायच्या एटीएक्स कनेक्टरमधल्या (मदरबोर्डला लागणाऱ्या मोठ्या कनेक्टरमधल्या) हिरव्या वायरला ५ व्होल्ट देऊ नका, ती काळ्या वायरला जोडली की सप्लाय चालू होतो, रिलेने तेवढंच करायचं.