चौसष्ट पेशी काढल्या, तरी सांगाडा होतोच

सी-अर्चिन हा समुद्रतळावरचा काटेरी प्राणी. त्याच्या लायटेकायनस व्हॅरिएगेटस या जातीचा भ्रूण जेमतेम 0.1 मिलिमीटरचा, पण इतका पारदर्शक की आतल्या पेशी मोजता येतात. भ्रूण पोकळ चेंडूसारखा असताना तळाच्या भिंतीतून सुमारे 64 पेशी सुटून पोकळीत उतरतात. भ्रूणातून होणाऱ्या अळीचा कॅल्साइट या खनिजाचा सांगाडा याच घडवतात. त्यांना प्राथमिक मेझेनकाइम म्हणतात.

त्या सगळ्या काढून टाकल्या तर? चार्ल्स एटेन्सॉन आणि डेव्हिड मॅक्ले यांनी हे करून पाहिलं आणि निष्कर्ष 1988 मध्ये छापले. अतिबारीक काचनळी भ्रूणात घालून या पेशी बाहेर काढायच्या. कौशल्य लागतं ते त्या पूर्ण काढण्यात, कारण थोड्या जरी मागे राहिल्या तरी उत्तर बदलतं.

सांगाडा काही तास उशिरा येतो, पण येतो. मागाहून आत येणाऱ्या दुय्यम मेझेनकाइममधल्या सुमारे 70 पेशी आपलं ठरलेलं काम सोडून कॅल्साइट रचू लागतात. ध्रुवित प्रकाशात (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात) त्यांनी रचलेल्या सांगाड्याच्या सळ्या काळ्या पार्श्वभूमीवर लखलखताना दिसतात. मला सर्वांत विलक्षण वाटतो तो यातला हिशेब: प्राथमिक पेशी जितक्या जास्त शिल्लक, तितक्या कमी दुय्यम पेशी काम बदलतात. सगळ्या जागेवर असतील तर एकही नाही. म्हणजे सांगाडा रचण्याची क्षमता दुय्यम पेशींत आधीपासून असते; प्राथमिक पेशी ती दाबून ठेवतात.

ही दाबणूक कधी होते? एटेन्सॉन यांनी प्राथमिक पेशींना चकाकणारा रंग देऊन वेगवेगळ्या वेळी त्या प्रकाशझोतानं मारल्या. आतडं घडण्याच्या शेवटच्या टप्प्यातला थोडका काळच निर्णायक निघाला. तो उलटल्यावर पेशी मारल्या, तर दुय्यम पेशी बदलत नाहीत.

पेशी मारणं आणि काढणं यांतला फरकही महत्त्वाचा. विल्हेल्म रू यांनी 1888 मध्ये बेडकाच्या दोनपेशी भ्रूणातली एक पेशी तापल्या सुईनं मारली, पण ती तिथेच चिकटून राहिली. अर्धाच भ्रूण वाढला. 1910 मध्ये मॅक्लेंडन या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या अशाच भ्रूणातली एक पेशी शोषून बाहेर काढली, तेव्हा उरलेलीपासून पूर्ण भ्रूण झाला.

सी-अर्चिनमध्ये उलटा प्रयोगही झाला आहे. प्राथमिक पेशी दुपटीनं भरल्या, तरी सांगाडा नेहमीच्याच मापाचा होतो, कारण त्याचा आराखडा बाहेरच्या भिंतीतल्या पेशींकडून येतो.